हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमध्ये टाकली की नाही: आमचा बॅकअप पुन्हा पुन्हा का बंद पडत होता

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा सुटला आणि इतक्या वेळा परत आला की एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवावं असं वाटलं. टर्मिनलवर स्क्रिप्ट (कमांडची फाइल) चालवली की मस्त चालते, रात्री क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामने, चालवली की काहीच होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे झाल्यासारखं दिसतं आणि झालेलं नसतं. तुमचंही हेच होत असेल तर पुढचं नीट वाचा. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

आधी आमची मांडणी सांगतो. बडोद्यात कारेलीबागेत एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे आम्ही चार-पाच जण मिळून इथल्या मराठी घरांमधले जुने मोडी कागद स्कॅन करतो. पत्रं, हिशेबाच्या वह्या, दस्तऐवज, बरेचसे १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं त्याच्या आधीचे. एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू, एक स्कॅनर, एक बाहेरची डिस्क आणि एक भाड्याचा लिनक्स सर्व्हर. कागद ए-फोर आकाराचा असला आणि ६०० डीपीआयवर रंगीत टिफ काढली की कॉम्प्रेस न करता एक पान १०० एमबीच्या आसपास जातं, त्यामुळे डेटा पटापट वाढतो. आणि स्कॅनइतकीच किंमत आहे यादीच्या डेटाबेसला, कारण कुठला कागद कोणाच्या घरचा, कुठल्या सालचा, त्यात काय लिहिलंय हे सगळं आमचे एक काका मोडी वाचून त्यात भरतात. ती यादी गेली तर नुसती चित्रं उरणार. म्हणून रोज रात्री २ वाजता एक शेल स्क्रिप्ट: डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची एक फाइल) काढायचा, जीझिप करून आकार लहान करायचा, सगळं बाहेरच्या डिस्कवर आणि सर्व्हरवर आरसिंक करायचं, म्हणजे नवीन-बदललेलं तेवढं कॉपी करायचं. रूट या सर्वाधिकारी युजरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, एक ओळ, ० २ * * * आणि पुढे स्क्रिप्टचा पत्ता. संपलं, असं वाटलं होतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या आसपास, विश्वामित्रीला पूर आला तो बडोदेकर विसरणार नाहीत. आमच्या खोलीत पाणी शिरलं. कॉम्प्युटर टेबलावर होता म्हणून वाचला, टेबलाच्या पायांवर चिखलाची रेघ अजून आहे. पाणी ओसरल्यावर मी पहिल्यांदा बॅकअपचा फोल्डर उघडला. फाइली होत्या, रोजच्या रोज, तारखेसकट, एकही दिवस चुकलेला नाही. मग आकाराकडे लक्ष गेलं. २० बाइट. २० बाइट. २० बाइट. तीन महिने मागे जाईपर्यंत सगळ्या २० बाइटच्या! काका शेजारी उभे होते, म्हणाले, "म्हणजे माझं वाचलेलं सगळं गेलं असतं का रे?" मला काही बोलता आलं नाही.

हा २० चा आकडा लक्षात ठेवा. जीझिपला पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीत नेणारी जोडणी) काहीच आलं नाही तरी तो रिकामी पण व्यवस्थित फाइल बनवतो आणि ती बरोबर २० बाइटची होते. म्हणजे डंप काढणारी कमांड चाललीच नव्हती, जीझिपने मात्र आपलं काम इमानाने केलं होतं, आणि पाइपलाइनमध्ये शेवटची कमांड यशस्वी झाली की सगळी पाइपलाइन यशस्वी धरली जाते, त्यामुळे स्क्रिप्टला चूक कळायला मार्गच नव्हता.

डंप का चालला नाही? आमचा डेटाबेस झॅम्प या तयार सॉफ्टवेअर-संचातून आलेला, त्याच्या कमांड /ऑप्ट/लॅम्प/बिन मध्ये असतात. हा पत्ता मी कधीतरी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) पाथला, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीला, जोडून ठेवला होता, आणि टर्मिनल उघडलं की तो आपोआप लागतो. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही, प्रोफाइलही नाही. मूळ गोष्ट ही आहे आणि इथेच सगळे अडकतात. आपण टर्मिनलवर बसतो तेव्हा आपल्याभोवती भरलेलं घर असतं, पाथ, भाषा, सर्व्हरशी जोडणाऱ्या एसएसएचची किल्ली, चालू फोल्डर, आणि क्रॉन ती स्क्रिप्ट रिकाम्या खोलीत चालवतो. उबुंटू-डेबियनवर त्याच्याकडे पाथ असतो फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन, शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) असतं /बिन/एसएच, होम आणि लॉगनेम, बास.

स्वतः बघायचं असेल तर क्रॉनटॅबमध्ये पाच तारे (म्हणजे दर मिनिटाला) देऊन एन्व्ह या भोवतालची सेटिंग दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट /टीएमपी मधल्या एखाद्या फाइलीत वळवा, एक मिनिट थांबा, ओळ काढून टाका. मग टर्मिनलवर एन्व्ह चालवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. माझ्याकडे टर्मिनलवर स्क्रीन भरून ओळी आल्या आणि क्रॉनच्या फाइलीत जेमतेम पाच-सहा. हे एकदा डोळ्यांनी बघाच, शंभर वेळा वाचून जे कळत नाही ते त्या दोन खिडक्यांत कळतं. आणि त्याच रिकाम्या खोलीत आपली स्क्रिप्ट चालवून बघायची असेल तर रात्रीचे दोन वाजायची वाट बघू नका, एन्व्ह -आय वापरून, फक्त त्या पाच-सहा गोष्टी हाताने देऊन, /बिन/एसएच मधून ती चालवा. क्रॉनमध्ये जी चूक येणार ती आत्ता, दिवसाउजेडी, तुमच्यासमोर येईल. मी आता नवीन कुठलीही स्क्रिप्ट याशिवाय क्रॉनमध्ये टाकतच नाही.

तर पहिला इलाज म्हणून आमच्यातल्या एकाने क्रॉनटॅबच्या वर पाथची ओळ टाकली, जुना पाथ डॉलरचं चिन्ह लावून आणि पुढे /ऑप्ट/लॅम्प/बिन, जशी आपण बॅशआरसीत लिहितो तशीच. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, २० बाइटची फाइलसुद्धा नाही. कारण क्रॉनटॅबमध्ये व्हेरिएबल उलगडत नाहीत, तिथे डॉलर पाथ असं लिहिलं की ते अक्षरशः तसंच राहतं, म्हणजे आता टार नाही, जीझिप नाही, काहीच सापडत नाही. क्रॉनटॅबमध्ये पाथ द्यायचा तर सगळे पत्ते पूर्ण लिहून द्या. मी स्वतः पाथ स्क्रिप्टच्या दुसऱ्याच ओळीत लिहितो, म्हणजे स्क्रिप्ट कुठूनही चालवली तरी तिचं सामान तिच्यासोबत असतं.

आता हे सगळं तीन महिने कळलं का नाही? कारण चूक कुठे जात होती हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. स्क्रिप्टने काहीही छापलं की क्रॉन ते मालकाला ई-मेल करायला बघतो, आणि मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्राम नसेल तर ते फेकून देतो. सिसलॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, क्रॉन शब्द शोधलात तर तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडेल, नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट. आमच्या सिसलॉगमध्ये ही ओळ रोज रात्री पडत होती. त्यामुळे पहिली सवय ही लावा: क्रॉनटॅबच्या ओळीच्या शेवटी >> आणि लॉग फाइलचा पूर्ण पत्ता, आणि त्याच्यानंतर २>&१. याने आउटपुट आणि चुका दोन्ही लॉगमध्ये जातात. क्रम महत्त्वाचा आहे, २>&१ आधी लिहिलंत तर चुकांचा प्रवाह जुन्याच वाटेने जातो आणि लॉगमध्ये फक्त गोड गोड आउटपुट येतं. सिसलॉगमध्ये क्रॉनने कमांड सुरू केल्याची ओळ असते, ती चांगली संपली की नाही हे तिथे लिहिलेलं नसतं, हे पण ध्यानात घ्या. ओळ दिसली म्हणजे काम झालं असं नाही. रेडहॅटवाल्यांकडे हीच नोंद /व्हार/लॉग/क्रॉन मध्ये असते.

मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा बंद. या वेळी लॉगच येईना. एका मित्राने चांगल्या हेतूने लॉगच्या नावात तारीख घातली होती, क्रॉनटॅबच्या ओळीतच डेट कमांड लावून, टक्का वाय टक्का एम टक्का डी. टर्मिनलवर बिनघोर चालतं. क्रॉनटॅबमध्ये मात्र % या चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो, पहिल्या टक्क्यापर्यंतची कमांड धरली जाते आणि उरलेलं त्या कमांडला इनपुट म्हणून ढकललं जातं. सिसलॉगमध्ये आमची कमांड मध्येच तुटलेली दिसत होती, तरी मला दोन दिवस लागले कळायला. प्रत्येक टक्क्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, किंवा सरळ तारखेचं सगळं काम स्क्रिप्टच्या आत न्या. दुसरं जास्त बरं, क्रॉनटॅबची ओळ जितकी छोटी तितकी चांगली.

२० बाइटवाली गोष्ट परत होऊ नये म्हणून मी स्क्रिप्टमध्ये सेट -ओ पाइपफेल टाकलं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली की पाइपलाइन पडली असं धरलं जातं. हाताने चालवली, उत्तम. रात्री क्रॉनमध्ये: इल्लीगल ऑप्शन -ओ पाइपफेल. पुन्हा तेच! स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तर बॅश लिहिलेलं होतं, मग? क्रॉनटॅबच्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी कोणीतरी एसएच लिहिलं होतं. तसं लिहिलं की पहिल्या ओळीला काही अर्थ राहत नाही, एसएच ती स्वतःच चालवतो, आणि उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश हे दुसरं, छोटं शेल आहे. आमच्या उबुंटूतल्या डॅशला पाइपफेल माहीत नाही, दुहेरी चौकोनी कंस माहीत नाहीत, सोर्स ही कमांड माहीत नाही. स्क्रिप्टला चालवायची परवानगी द्या आणि क्रॉनटॅबमध्ये नुसता तिचा पूर्ण पत्ता लिहा. याच कुटुंबातली आणखी एक तक्रार, स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये नव्याने लिहून पेन ड्राइव्हवर आणली की प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं आणि मग बॅड इंटरप्रिटर अशी चूक येते. डॉस-टू-युनिक्स चालवा, जातं.

आता सगळ्यात फसवा प्रकार, बाहेरच्या डिस्कचा. यावर जरा थांबतो कारण हा मला कुठे नीट लिहिलेला सापडला नाही. डेस्कटॉपवर आपण लॉगिन केलं की यूएसबी डिस्क आपोआप /मीडिया खाली, आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये लागते. आपोआप म्हणजे लॉगिन केल्यावर. एका रात्री लाइट गेली, परत आली, मशीन आपोआप चालू झालं, पण लॉगिन करायला कोणी नव्हतं, म्हणजे डिस्क लागलेलीच नाही. २ वाजता स्क्रिप्ट सुरू झाली. तिच्यात मी शहाणपणा म्हणून एमकेडीआयआर -पी लिहिलं होतं, फोल्डर नसेल तर बनव. रूटची परवानगी असल्यामुळे तिने त्याच नावाचा फोल्डर बनवला, मशीनच्या आतल्या डिस्कवर, आणि सगळं त्यात ओतलं. सकाळी काकांनी लॉगिन केलं तेव्हा खरी डिस्क लागायला आली तर नाव आधीच घेतलेलं, म्हणून ती शेजारी, नावाला १ जोडून लागली. डेस्कटॉपवर डिस्कचं चित्र तसंच, उघडली की फाइली दिसतात, सगळं जिथल्या तिथे. पण त्या रात्रीपासून बॅकअप त्याच मशीनच्या पोटात जात होता ज्याचा तो बॅकअप होता. अकरा दिवसांनी मशीनची डिस्क भरली, स्कॅनर सेव्ह करेना, तेव्हा कळलं.

याचा इलाज दोन भागांत केला. डिस्क एफस्टॅबमध्ये (मशीन चालू होताना लावायच्या डिस्कची यादी) तिच्या यूयूआयडीने (डिस्कचा ओळख क्रमांक) आणि ठरलेल्या जागी लावली, सोबत नोफेल हा पर्याय दिला म्हणजे डिस्क नसली तरी मशीन चालू व्हायला अडत नाही. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट -क्यू ने विचारतो, इथे खरंच डिस्क लागलीये का? नसेल तर लॉगमध्ये लिहून तिथेच थांब. ती एक ओळ घातल्यावर मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

लाइटवरून आठवलं. २ वाजता मशीन बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही, ती वेळ गेली म्हणजे गेली. पावसाळ्यात आमच्याकडे असं बऱ्याचदा होतं. रोजचं काम असेल तर अ‍ॅनाक्रॉन हे सांभाळतो, राहिलेलं काम मशीन चालू झाल्यावर करतो. फक्त क्रॉन डॉट डेलीच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट टाकताना नावात टिंब ठेवू नका, बॅकअप डॉट एसएच असं नाव असलं तर डेबियन-उबुंटूवर ती गुपचूप वगळली जाते, एक अक्षर न बोलता. नुसतं बॅकअप ठेवा. रन-पार्ट्स ला टेस्ट पर्याय देऊन आधी विचारता येतं की तू काय काय चालवणार आहेस.

सर्व्हरवरची भानगड वेळेची होती. तिथे एक छोटी स्क्रिप्ट होती, आज रात्रीची फाइल आली का बघायची आणि नसेल तर निरोप पाठवायचा. साडेतीनला लावली, निरोप यायचा सकाळी नऊला, कारण भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणून मी साडेपाच तास वजा करून रात्री २२ वाजताची वेळ दिली. वेळ बरोबर झाली पण तारीख चुकली! आपल्याकडे ५ तारखेचे पहाटेचे साडेतीन म्हणजे सर्व्हरवर अजून ४ तारीख, फाइलीच्या नावात ५, आणि स्क्रिप्ट शोधतेय ४, ती तर कालच हलवलेली. रोज पहाटे निरोप, फाइल नाही, फाइल नाही. आठवड्याभरात आम्ही तो निरोप वाचणंच सोडलं, आणि डिस्कवाला घोळ याच काळात झाला. खोटी घंटा खऱ्या बिघाडाइतकीच वाईट, हे मी मनापासून सांगतो, ती वाजू लागली की सगळं सोडून आधी तिचं बघा. शेवटी सर्व्हरचा टाइमझोन एशिया/कोलकाता केला, आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट केला. ते विसरू नका, चालू असलेला क्रॉन जुन्याच घड्याळावर चालत राहतो.

एसएसएचचं थोडक्यात. हाताने आरसिंक चालतं कारण पासफ्रेजने उघडलेली किल्ली तुमच्या लॉगिनमधल्या एजंट नावाच्या प्रोग्रामकडे असते, क्रॉनला तो एजंट दिसत नाही, आणि रूटच्या क्रॉनटॅबमध्ये होम म्हणजे रूटचं होम, तुमची किल्ली तिथे नाहीच. बॅकअपसाठी वेगळी, पासफ्रेज नसलेली किल्ली बनवा, सर्व्हरवर तिला फक्त त्या एका कामापुरती परवानगी द्या, आणि कमांडमध्ये तिचा पूर्ण पत्ता लिहा. पहिल्यांदा रूट म्हणून एकदा हाताने जोडून बघा, नाहीतर अनोळखी सर्व्हरवर विश्वास ठेवू का या प्रश्नावर जोडणी फसते, कारण येस म्हणायला तिथे कोणी नसतं.

दिवाळीनंतर एका घरून दोन पेट्या कागद आले, स्कॅन वाढले, आणि एका रात्रीचं आरसिंक दुसऱ्या रात्री २ वाजले तरी संपेना. क्रॉन बघत नाही की आधीचं चालू आहे का, तो दुसरं सुरू करतो. दोघं एकाच फोल्डरवर. फ्लॉक -एन लावा, कुलपाची एक फाइल ठरवा, आधीचं चालू असेल तर नवीन मुकाट्याने परत जातं. एका ओळीचं काम आहे.

वेळापत्रकाच्या पाच खान्यांबद्दल एकच सांगतो, बाकी सगळीकडे मिळतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण बॅकअप घ्यायचा म्हणून आम्ही तारखेच्या खान्यात १-७ आणि वाराच्या खान्यात ० लिहिलं. पण तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही, कुठलंही एक जुळलं तरी चालवतो. म्हणजे १ ते ७ रोज आणि शिवाय प्रत्येक रविवारी. क्रॉनटॅबमध्ये फक्त १-७ ठेवा आणि रविवार आहे का ते स्क्रिप्टमध्ये तपासा.

आणि क्रॉनटॅब -आर. कीबोर्डवर ई च्या शेजारीच आर आहे, ई ने संपादन होतं, आर ने सगळा क्रॉनटॅब जातो, न विचारता. आमच्याकडे एकदा गेला. आता बॅकअप स्क्रिप्टच क्रॉनटॅब -एल चं आउटपुटही रोज जपून ठेवते.

सध्या काय करतो ते सांगतो. डंप झाल्यावर त्याचा आकार बघतो, कालच्यापेक्षा फार लहान असेल तर स्क्रिप्ट थांबते आणि ओरडते. सगळं नीट झालं तर शेवटी एक ओळ लिहिते, तारीख, डंपचा आकार, फाइलींची संख्या, आणि ती ओळ सकाळी स्क्रीनवर दिसते. काका सकाळी चहा ठेवून ती ओळ वहीत पेनाने लिहून घेतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मला यातलं काय कळणार?" मी म्हटलं, काका, आकडा रोज थोडा वाढायला हवा, नाही वाढला किंवा ओळच नसली की मला फोन करा. आजवर तीनदा फोन आलाय आणि तिन्ही वेळा ते बरोबर होते. शनिवारी सर्व्हरवरून कुठलाही एक फोल्डर उतरवून आणतो, डंप एका रिकाम्या डेटाबेसमध्ये भरतो, आणि काका त्यातलं एक पत्र उघडून यादीतल्या सारांशाशी ताडून बघतात. गेल्या शनिवारी एका वहीतलं आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचं पान निघालं, पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, यादीतलं आणि कागदावरचं जुळलं.

अजून एक काम बाकी आहे. रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून काढून सिस्टमडी टायमरवर, म्हणजे लिनक्समधल्या वेळेवर काम चालवायच्या दुसऱ्या सोयीवर, न्यायचाय, कारण तिथे पर्सिस्टंट चालू ठेवलं की लाइट गेल्यामुळे राहिलेलं काम मशीन उठल्यावर होतं, लिस्ट-टायमर्समध्ये मागचं कधी झालं आणि पुढचं कधी ते दिसतं, आणि काम फेल झालं तर तसं नोंदलं जातं. एक जुनी स्क्रिप्ट नेऊन बघितलीये, पंधरा दिवस नीट चालतेय. पावसाळा लागायच्या आत बाकीचं पण तिकडे नेणार.